तापीकाठचा चहा

चहा ही साहेबाने आपल्या गळी उतरविलेली वस्तू, असे आमच्या मातोश्रींचे ठाम मत होते. 1966 साली मडगावाहून त्या आमच्या बिऱ्हाडी सुरतेस आल्या, तेव्हा त्यांच्या सामानात धणे-जिऱ्याच्या कषायाची पूड होती; चहाची पत्ती नव्हती.

आम्ही नानपुऱ्यात माडीवर राहत होतो. खाली घरमालकीण, एक वृद्ध पारशी बाई. दुपारी चारच्या सुमारास त्यांची किटली वर येई. पुदिना आणि गवती चहा (सुरतेत त्यास ‘लीली चा’ म्हणतात) घालून उकळलेल्या त्या चहाचा दरवळ जिन्यातच कळे. मातोश्री हसून पेला घेत आणि बाईंची पाठ फिरताच मोरीत ओतीत. प्रश्न सोवळ्याचा होता. आम्ही गप्प राहिलो. त्यात मातृभक्तीपेक्षा सोयच अधिक होती. एके दिवशी बाई मधूनच मागे वळल्या. बोलल्या काहीच नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून किटली आली नाही.

त्याच सुमारास ओव्हिंग्टन या इंग्रज पाद्र्याचे सुरतेचे प्रवासवर्णन आमच्या हाती लागले. हा गृहस्थ 1689 साली येथे होता. येथील लोक पाण्यात तिखट मसाले घालून चहा उकळतात, खडीसाखरेशी किंवा मुरवलेल्या लिंबाशी घेतात आणि डोकेदुखी व पोटातील मुरड्यावर तो गुणकारी मानतात, असे त्याने लिहून ठेविले आहे. त्याच्याही अर्धशतक आधी, 1638 साली, मांडेल्स्लो या जर्मन प्रवाशाने सुरतेत नित्य चहा घेतला होता. पत्ती अर्थातच चीनची. आसामचा चहा लंडनच्या बाजारात प्रथम विकला गेला तो 1839 साली. म्हणजे साहेबाने आपणांस चहा शिकविण्यापूर्वीच तो सुरतेत मसाला घालून प्याला जात होता! आम्ही हे वाचून दाखविताच मातोश्री उद्गारल्या, “हें तर आमचेंच!” त्यांच्या मनात कषाय होता. तरी त्या खाली काही गेल्या नाहीत.

पुढे कित्येक वर्षांनी पश्चिम आफ्रिकेतील सेनेगल देशाच्या ‘अताया’विषयी वाचताना ती किटली आम्हांस आठवली. तेथे चीनचा हिरवा चहा निखाऱ्यावर सावकाश उकळतात, साखर व पुदिना घालतात आणि फेस येईपर्यंत उंचावरून या पेल्यातून त्या पेल्यात ओततात. पेले तीन, पहिला कडू, पुढचे अधिकाधिक गोड. त्यात तासन् तास जातात, आणि तिसऱ्याआधी उठणे हा यजमानाचा अनादर समजतात. आम्ही तर पहिल्याच पेल्यास मोरी दाखविली होती.

1968 च्या ऑगस्टात तापीस महापूर आला. खालचे घर पाण्यात गेले आणि बाई वर आल्या. काखेत चहाचा डबा तेवढा होता. मातोश्रींनी स्टोव्ह पेटवून गूळ घातलेला कषाय त्यांच्यापुढे ठेविला. बाईंनी तो शेवटच्या थेंबापर्यंत घेतला. मग स्टोव्ह मागून घेतला. दूध कोठले मिळणार? आमच्याच घरातील आले ठेचून त्यांनी कोरा चहा केला, सुरती रीतीने अर्धा बशीत ओतला, बशी मातोश्रींकडे सरकविली आणि पाठ फिरवून खिडकीतून पाणी पाहत उभ्या राहिल्या. पुष्कळ वेळ राहिल्या.

मोरी दोन पावलांवर होती. मातोश्रींनी बशी तोंडास लाविली.

“साखर अंमळ कमी पडली,” त्या म्हणाल्या.