वणीहून बोटीवर

वणीच्या माणसाला समुद्र म्हणजे शाळेच्या नकाशातला निळा रंग. गावाला निर्गुडा आहे, थोडे पुढे गेले की वर्धा नदी आहे. पण त्यांचे पाणी पावसाळ्यात अंगावर येते आणि उन्हाळ्यात डोळ्यांना दिसत नाही. बाकी आमच्या वाट्याला आले ते काळी माती, कापूस आणि कोळसा. सकाळी वाळत घातलेली पांढरी चादर सायंकाळी काढली की तिच्यावर काळी भुकटी हमखास असायची. अशा गावातून आम्ही तिघे, म्हणजे आम्ही नवराबायको आणि आमची ताई, डिसेंबर २०२२ मध्ये चक्क क्रूझ बोटीवर तीन रात्री राहून आलो. ओळखीपाळखीचे अजूनही विचारतात, बोटीवर काय पाहिले? म्हणून हा लेखनप्रपंच.

हौस आमची नव्हती. ताईची होती, आणि तिलाही हौस म्हणता येणार नाही. ताईचा धाकटा मुलगा, आमचा भाचा, कॅरिबियन समुद्रात फिरणाऱ्या बोटींवर नोकरी करतो. भाऊजी लवकर गेले. ताईने राजूरच्या चुनाभट्टीवर काम केले, पुढे लोकांकडे धुणीभांडी केली आणि त्याला नागपूरला हॉटेल मॅनेजमेंटला घातले. बोटीची नोकरी मिळवताना पहिल्या खेपेला एका एजंटाने दीड लाख रुपये घेतले आणि दुकान बंद करून तो पसार झाला. तेव्हा आम्हाला कोणी सांगणारे नव्हते, म्हणून इथे सांगून ठेवतो. खलाशांची भरती करणाऱ्या संस्थेला जहाजवाहतूक महासंचालनालयाचा परवाना लागतो. आणि २००६ च्या ज्या आंतरराष्ट्रीय सागरी श्रम कराराला भारताने २०१५ साली मान्यता दिली, त्याप्रमाणे नोकरी लावून देण्याचे पैसे उमेदवाराकडून घेता येत नाहीत. वैद्यकीय दाखला, पासपोर्ट, खलाशाचे पुस्तक, एवढाच खर्च त्याचा. घरात मुलगा जायला निघाला असेल तर आधी परवाना तपासा.

दुसऱ्या खेपेला भाचा रीतसर लागला. काम कोणते, तर बोटीच्या स्वयंपाकघरात भांडी घासण्याचे. ताई म्हणाली, "मी इथं घासत होती, तू तिकडं जाऊन घास." हसत म्हणाली, पण रात्री जेवली नाही. पुढे तो चढत चढत असिस्टंट वेटर झाला. मार्च २०२० मध्ये कोरोनाने जगभरच्या क्रूझ बोटी थांबल्या. प्रवासी उतरले, पण नोकरमाणसांना उतरवून घ्यायला बंदरे तयार नव्हती. एप्रिलमध्ये 'मरेला डिस्कव्हरी' या बोटीवरच्या भारतीय नोकरांना मुंबईत उतरू दिले, त्याची बातमी आपल्याकडे आली होती. आमचा भाचा मात्र बहामाच्या आसपास नांगर टाकलेल्या बोटीवर साडेतीन महिने होता. त्या साडेतीन महिन्यांत ताई मोबाईल पदराला बांधून बसायची आणि फोन लागला की एकच विचारायची, "तू झोपतं कुठी रे?" तो म्हणायचा, "केबिनमधी, माय." ताईचे समाधान होत नसे. पोरगा कुठे झोपतो हे एकदा डोळ्यांनी पाहायचे, एवढेच तिच्या मनात होते.

मायामीला जाणे आमच्या आवाक्यातले नाही. व्हिसाचेच नाव काढायला नको. पण भाच्याने शोधून काढले की त्या समुद्रातली एक जुनी बोट आता मुंबईतच आहे. कॉर्डेलिया कंपनीची 'एम्प्रेस' ती हीच. फ्रान्समधल्या सेंट नाझेरच्या कारखान्यात बांधलेली ही बोट १९९० साली 'नॉर्डिक एम्प्रेस' या नावाने पाण्यात आली आणि मायामीहून बहामाला तीन-चार रात्रींच्या फेऱ्या करू लागली. २००४ मध्ये तिचे नाव बदलले, मधली काही वर्षे ती स्पेनच्या एका कंपनीकडे होती, २०१७ पासून अमेरिकन प्रवाशांना क्यूबात हवानाला नेत होती. २०१९ मध्ये अमेरिकेच्या सरकारने ते बंद केले. २०२० च्या अखेरीस ती विकली गेली आणि सप्टेंबर २०२१ पासून मुंबईहून धावू लागली. भाच्याने पैसे पाठवले. तिकिटाचा आकडा आम्ही ताईला शेवटपर्यंत सांगितला नाही, नाहीतर ती आदिलाबादलाच उतरून परत आली असती.

नंदीग्राम एक्सप्रेसने किनवट, नांदेड, परभणी करीत मुंबई गाठली. बोट बॅलार्ड पिअरच्या धक्क्यावरून सुटते. मोठ्या स्टेशनवरून टॅक्सीने दहा मिनिटेही लागली नाहीत. धक्क्यावर रांगेत बसलो असताना आम्हाला आठवले, याच बंदरातून ४ ऑक्टोबर १९३० रोजी बाबासाहेब पहिल्या गोलमेज परिषदेला निघाले होते. बोटीचे नाव 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया'. ती तेव्हा अगदी नवी, विजेच्या मोटारींवर चालणारी, आत पोहण्याचा हौद असलेली, मोठ्या ऐटीची बोट होती. पुढे १९४२ साली जर्मन पाणबुडीने ती ओरानजवळ बुडवली. आम्ही हे ताईला सांगितले. तिने धक्क्याच्या दिशेने हात जोडले. शेजारच्या सुटाबुटातल्या गृहस्थांना वाटले, बाई समुद्राला नमस्कार करते आहे.

मग बोट दिसली. ताई थांबलीच. "हे बोट व्हय? हे तं अख्खी कॉलनी उभी करून ठेवली!" खाणीच्या क्वार्टरांची कॉलनी तिच्या डोळ्यांसमोर होती आणि उपमा चुकीची नव्हती. अकरा मजले, सुमारे २११ मीटर लांबी, सोळाशेहून जास्त प्रवाशांची सोय. आत गेल्यावर मधोमध एक उंचच उंच चौक, त्यातून काचेच्या लिफ्ट वरखाली करीत होत्या. आमच्या मंडळींनी चपला काढाव्यात की घालाव्यात याचा विचार करण्यात पाच मिनिटे घालवली.

बोट सुटण्याआधी सगळ्यांना एका ठिकाणी गोळा करून लाइफ जॅकेट कसे घालायचे, कोणत्या होडीपाशी जायचे ते शिकवले. लोक कुरकुरत होते, फोटो काढत होते. पण 'टायटॅनिक' १९१२ मध्ये बुडाली तेव्हा होड्याच कमी होत्या, आणि १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्याला 'कोस्टा कॉनकॉर्डिया' आपटून ३२ माणसे गेली, तेव्हा नव्याने चढलेल्या कित्येक प्रवाशांचा सराव व्हायचा होता. तेव्हापासून नियम कडक झाला. ताईने मात्र सगळे मन लावून ऐकले आणि रात्री झोपताना जॅकेट कपाटातून काढून उशाशी घेतले.

आता बोटीवरचा दिवस कसा असतो ते सांगतो. सकाळी उठावे, वरच्या डेकवर जावे, चहा घ्यावा आणि पाणी पाहावे. चारी बाजूंना पाणी, मध्ये आपण. पहिला तास आम्ही बोललोच नाही. मग न्याहारी. पोहे, इडली, पराठे, ब्रेड, फळे, दहा तऱ्हेचे गोड. किती खावे याला धरबंध नाही, आणि आपल्या लोकांना भरलेली थाळी सोडवत नाही. दुपारपर्यंत पोरे हौदात, तरुण मंडळी गाण्यांवर, म्हातारी माणसे पत्त्यांवर. सायंकाळी नाटकगृहात नाच, जादू. जुगाराचे दालनही आहे. दारातून डोकावलो आणि परतलो. काही तासांतच मोबाईलची रेंज गेली, तेव्हा आमच्या मंडळींना चैन पडेना. वणीला गॅस बंद केला की नाही हे विचारायचे राहिले होते.

बोट हलते का, हेही सगळे विचारतात. हलते, पण गंगामायला आलेल्या पुरातल्या होडीसारखी नाही. पाण्याखाली दोन बाजूंना माशाच्या परासारखे पंख असतात, ते डोलणे कमी करतात. प्यायचे पाणी समुद्राच्या पाण्यातूनच गोडे करतात. ताईने पहिल्या दिवशी ते पाणी जिभेवर ठेवून पाहिले, म्हणाली, "आपल्या नळापेक्षा बरं." आम्ही दुसऱ्या रात्री आडवे झालो ते पोट ढवळून, घरून नेलेले लिंबाचे लोणचे कामी आले. गोव्याला मुरगाव बंदरात उतरलो, फिरलो. गोव्यावर पुष्कळांनी लिहिले आहे, आम्ही लिहीत नाही.

खरी गंमत केबिनमध्ये झाली. आमच्या खोल्या आवरणारा मुलगा दापोलीकडचा निघाला. मराठी बोलणारे पाहून तोही खुलला. जेवून परत आलो की पलंगावर टॉवेलची घडी घालून केलेला हत्ती बसलेला. पहिल्या सकाळी तो ताईच्या खोलीत आला तर पलंग आवरलेला, बेसिन पुसलेले, कचऱ्याची टोपली दाराबाहेर. तो घाबरला. "मावशी, असं नका करू. सुपरवायझर म्हणतील मी काम केलं नाही." ताई म्हणाली, "अरे बाबू, हात असून बसून रायलं तं जेवण जिरत नाही." शेवटी तोडगा निघाला. ताईने पलंग आवरायचा, आणि त्याने येऊन तो मोडून पुन्हा आवरायचा.

ताईचे लक्ष सगळा वेळ त्या दारांकडे होते, जिच्यावर 'फक्त कर्मचाऱ्यांसाठी' अशी पाटी असते. आपल्या बाजूला गालिचा, आरसे, पितळी कठडे. ते दार उघडले की क्षणभर पांढरा दिवा, लोखंडी जिना आणि घाईने जाणारी माणसे दिसतात, दार मिटते. भाच्याने सांगितले होते की त्या समुद्रातल्या बोटींवर प्रवाशांच्या खाली टोकापासून टोकापर्यंत एक लांब बोळ असतो, त्याला सगळे नोकर 'आय-नाइंटीफाइव्ह' म्हणतात, अमेरिकेतल्या मोठ्या हमरस्त्याच्या नावावरून. भाज्यांच्या गाड्या, धुण्याचे गठ्ठे, कचरा, माणसे, सगळे त्यातून. कायद्याने चोवीस तासांत चौदा आणि आठवड्यात बहात्तर तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. म्हणजे बहात्तर देता येते. आठ महिने सलग, रविवार नाही. बोटीच्या पाठीवर 'नासाऊ' नाहीतर 'पनामा' असे गावाचे नाव रंगवलेले असते, कारण मालक कुठलाही असला तरी नोंदणी तिकडची. आम्हाला 'मूकनायक'च्या पहिल्या अंकातला, १९२० सालचा, बाबासाहेबांचा तो बिनशिडीचा मनोरा आठवला. पण तुलना ओढून आणू नये. इथे शिडी आहे. आमचा भाचा भांड्यांपासून टेबलापर्यंत तिनेच चढला. ती फक्त प्रवाशांच्या जिन्याला कुठे मिळत नाही.

भाच्याकडून त्या बेटांच्याही गोष्टी ऐकल्या होत्या, त्या डेकवर बसून ताईला पुन्हा सांगितल्या. हैतीत लाबादी नावाचा एक किनारा आहे, रॉयल कॅरिबियन कंपनीने तो १९८६ पासून भाड्याने घेतलेला. प्रवासी उतरतात, पोहतात, जेवतात. भोवती कुंपण, पलीकडे जायचे नाही. अलीकडच्या वर्षांत तिथल्या अशांततेमुळे फेऱ्या थांबल्या. कुंपणापलीकडचा देश म्हणजे गुलामांनी फ्रेंच मालकांना हाकलून १८०४ साली स्वतः उभा केलेला देश, आणि त्या स्वातंत्र्याची किंमत म्हणून फ्रान्सने १८२५ साली त्याच्यावर १५ कोटी फ्रँकांचा दंड बसवला होता. ताईने विचारले, "सुटले त्यायनंच पैसे द्याचे?" आम्ही हो म्हटले. तिकडेच त्रिनिदादला ३० मे १८४५ रोजी 'फतेल रझाक' नावाच्या जहाजातून सव्वादोनशेच्या आसपास हिंदी मजूर उसाच्या मळ्यांवर उतरले, गिरमिटावर. ते जहाजाच्या कोणत्या भागात झोपले असतील, हे ताईने विचारले नाही. ती पाण्याकडे पाहत होती.

शेवटच्या रात्री ताईने दापोलीच्या मुलाला गाठलेच. "बाबू, मले खाली नेतं का? तुमी झोपता तिथं." तो म्हणाला, "मावशी, प्रवाशांना खाली नेता येत नाही. माझी नोकरी जाईल." ताईने लगेच मान डोलावली, कोणाची नोकरी जाईल असे काही तिने जन्मात केले नाही. मुलगा गेला आणि थोड्या वेळाने परत आला. तोही आधी दोन वर्षे मायामीकडच्या बोटीवर होता. मोबाईलमध्ये तिथल्या खोलीचा फोटो होता. एकावर एक दोन बाकडी, प्रत्येकाला निळा पडदा, आत एक छोटा दिवा, भिंतीला आईबापाचा फोटो चिकटवलेला. दोन माणसे एका वेळी उभी राहणार नाहीत एवढी जागा. ताईने फोटो बोटांनी मोठा करून कोपरान् कोपरा पाहिला.

"खिडकी कुठी हाय?"

"नसते मावशी. आमची खोली पाण्याच्या पातळीखाली होती."

त्या रात्री ताईने आपल्या खोलीच्या खिडकीचा पडदा सरकवून ठेवला. बाहेर काळोखच होता.

मुंबईला उतरलो तेव्हा सकाळचे दहा वाजले होते, तिकडे रात्रीचे साडेअकरा. भाच्याची ड्युटी नुकतीच संपली होती. "जयभीम मामा, कशी वाटली बोट?" त्याने विचारले. आम्ही काही बोलायच्या आत ताईने फोन घेतला.

"तुया खोलीले खिडकी हाय का रे?"

तिकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग तो म्हणाला, "नाही, माय."

"बरं," ताई म्हणाली. "जेवला का?"