पाण्याचा पेला आणि फिरते घर

प्रवासाला निघण्यापूर्वी प्रकृती दाखवून घेण्यासाठी ज्या वयस्क स्त्रिया माझ्याकडे येतात, त्यांना मी एक प्रश्न हटकून विचारते : प्रवासाच्या दिवशी पाणी किती पिता? बहुतेकजणी सोबत आलेल्या मुलाकडे पाहतात आणि तो बाहेर गेल्यावरच खरे उत्तर देतात. पहाटे अर्धा कप चहा. त्यानंतर मुक्कामी पोहोचेपर्यंत काही नाही. लघवीवाटे पाणी बाहेर काढणारी रक्तदाबाची गोळीही काहीजणी त्या दिवशी परस्पर वगळतात. वाटेत स्वच्छतागृह मिळेल का, मिळालेच तर वापरण्याजोगे असेल का, आणि गाडी पुन्हा थांबवा असे सांगायचे तरी कोणत्या तोंडाने, ही त्यामागची विवंचना असते.

ही तहान शरीराला महाग पडते. पाणी कमी पडले की रक्तदाब उतरतो, उठताना चक्कर येते, आणि उतारवयात एक पडणेही पुरेसे असते. बद्धकोष्ठता आणि मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग पुढच्या दोन-चार दिवसांत डोके वर काढतात. मधुमेह असेल तर धोका अधिकच. तरीही हा विषय घरात कोणी काढत नाही. 'गुडघे दुखतात' असे सांगून प्रवासच टाळला जातो आणि घरच्यांना ते खरे वाटते.

माझ्या सासूबाईंनी याच कारणाने चार वर्षे प्रवास सोडला होता. वय शहात्तर. खोकला आला, शिंक आली की लघवीचे थेंब सुटतात, हे त्यांनी मला फार पूर्वी विश्वासाने सांगितले होते. व्यायामाने त्रास कमी झाला, पण मनातली धास्ती गेली नव्हती. थोरल्या बहिणीच्या सहस्रचंद्रदर्शनालाही त्या पुण्याहून सोलापूरला गेल्या नाहीत. न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च येथे नोकरीला असलेल्या आमच्या मुलाने 'आजीला घेऊन या' असा धोशा लावला, तेव्हा विमानाचे त्यांना काही वाटले नाही, कारण विमानात शौचालय असते. भीती होती ती तिथल्या मोटारप्रवासाची. म्हणून आम्ही मोटारीऐवजी मोटरहोम भाड्याने घेतले. दहा रात्री, चार माणसे आणि एक फिरते घर.

मोटरहोम म्हणजे चाकांवरचे एक खोलीचे बिऱ्हाड. झोपण्याच्या जागा, गॅसची शेगडी, शीतकपाट, स्वच्छ पाण्याची टाकी, वापरलेले पाणी साठवणारी दुसरी टाकी आणि दाराआड शौचालय. त्या देशात राखीव तळांबाहेर मुक्काम करायचा, तर वाहन बहुतेक ठिकाणी 'स्वयंपूर्ण' असल्याचे प्रमाणपत्र लागते. २०२३ साली झालेल्या कायद्याने या प्रमाणपत्रासाठी शौचालय वाहनात कायमचे बसवलेले असणे आवश्यक केले. निसर्ग स्वच्छ राहावा हा त्यामागचा हेतू. आमच्या घरी मात्र एका वृद्धेच्या प्रवासाचा प्रश्न त्याने सुटला.

चालत्या गाडीत हे शौचालय वापरायचे नसते. वाहन सुरू असताना प्रत्येकाने आपल्या आसनावर पट्टा बांधून बसावे लागते. फरक एवढाच, की थांबण्यासाठी हॉटेल किंवा पेट्रोल पंप शोधावा लागत नाही. रस्त्याकडेला गाडी उभी करण्याची सुरक्षित जागा मिळाली की झाले. पहिल्या दिवशी क्राइस्टचर्चहून टेकापो सरोवरापर्यंतच्या सुमारे २२५ किलोमीटरांत आम्ही पाच वेळा थांबलो. दुसऱ्या दिवशी पुकाकी सरोवराच्या काठाने ३,७२४ मीटर उंचीच्या आओराकी शिखराकडे जाताना सासूबाईंनी आपणहून पाण्याची बाटली मागितली. माझ्या दृष्टीने सहलीचे यश तिथेच ठरले.

मात्र तिसऱ्या दिवशी एक वेगळीच अडचण उभी राहिली. या शौचालयाखाली साधारण १८ ते २० लिटरांची सुटी पेटी असते. ती भरली की बाहेरच्या झडपेतून ओढून काढायची, ठरवून दिलेल्या विसर्जनस्थानी नेऊन रिकामी करायची, धुवायची आणि आत औषधी द्रव घालून परत बसवायची. हातमोजे घातले तर काम दहा मिनिटांचे आहे. पण आपला मुलगा ती पेटी उचलून चालला आहे हे पाहताच सासूबाईंचा चेहरा उतरला. त्या दुपारी त्यांनी पुन्हा पाणी पिणे कमी केले.

माझे यजमान संध्याकाळी त्यांच्याजवळ बसले. "आई, माझे तू किती वर्षे काढलेस?" एवढेच त्यांनी विचारले. "तेव्हा तू लहान होतास," त्या म्हणाल्या. "मग आता माझी पाळी." पुढे खरोखरच पाळी लागली : एक दिवस यजमान, एक दिवस मुलगा, एक दिवस मी. चौथ्या पाळीला हातमोजे घालून सासूबाई स्वतः उभ्या राहिल्या. पेटी त्यांना उचलू दिली नाही, परंतु झाकण उघडून पाण्याचा नळ त्यांनीच धरला. आयुष्यभर ज्या कामाचा उच्चारही घरात खालच्या आवाजात होत असे, ते काम घरातल्या सर्वांनी वाटून घेतल्यावर त्यातली लाज कुठल्या कुठे गेली. मला वैद्यकाच्या पुस्तकात हा उपचार कधी सापडला नसता.

कुटुंबासह असे वाहन घेऊ इच्छिणाऱ्यांना काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात. तिथे ३,५०० किलोंहून जड वाहनास खुल्या रस्त्यावर ताशी ९० किलोमीटरची मर्यादा आहे, वळणेही पुष्कळ. तेव्हा दिवसाला दोन-अडीचशे किलोमीटरांपुढे जाऊ नये आणि दर दोन तासांनी सर्वांनी उतरून पाच मिनिटे चालावे. पायांतील रक्ताभिसरणासाठी ते आवश्यक आहे. इन्सुलिन शीतकपाटात ठेवावे, पण बर्फाच्या कप्प्याला चिकटवून नव्हे. एकदा गोठलेले इन्सुलिन निरुपयोगी होते. शेगडी ऊब मिळवण्यासाठी कदापि पेटवू नये. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड जीव घेऊ शकतो. पायरीजवळ रात्री एक मंद दिवा असू द्यावा. औषधे मूळ वेष्टनात आणि चिठ्ठीसह न्यावीत. खाद्यपदार्थ, अगदी मेतकूटसुद्धा, विमानतळावर जाहीर करावेत. अपघाताने इजा झाल्यास तिथली सरकारी योजना पर्यटकांनाही उपचाराचे साह्य देते. आजारपणाला मात्र ती लागू नाही. म्हणून जुने आजार न लपवता प्रवासविमा उतरवावा.

महाराष्ट्र शासनानेही २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. आपल्याकडे असे वाहन भाड्याने घेताना पलंग किती आणि पडद्याचा आकार केवढा हे विचारण्याआधी शौचालय आहे का, त्याची पायरी किती उंच आहे आणि ते रिकामे कुठे करायचे, हे विचारावे.

अर्थात प्रत्येकाला मोटरहोम परवडणार नाही आणि त्याची गरजही नाही. लघवीवरचा ताबा सुटणे हे वयाचे अटळ भोग नव्हेत. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम नीट शिकून निदान तीन महिने केले, तर अनेक स्त्रियांना चांगला गुण येतो. मूत्राशयाला हळूहळू सवय लावता येते. जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता, अनियंत्रित साखर यांवर इलाज आहे. रक्तदाबाच्या गोळीची वेळ बदलायची असल्यास ती डॉक्टरांना विचारून बदलता येते, मनाने वगळू नये. आणि घरच्यांनी निघण्यापूर्वीच मोकळेपणाने सांगावे : आपण दर दीड तासाला थांबणार आहोत, कोणाला गरज असो वा नसो. म्हणजे कोणालाच मागावे लागत नाही.

परतल्यावर दोन महिन्यांनी आम्ही साध्या मोटारीने सोलापूरला गेलो. वाटेतली थांबण्याची ठिकाणे आदल्या रात्री कागदावर लिहून ठेवली होती. चार ठिकाणी थांबलो, सासूबाईंनी सव्वा लिटर पाणी प्यायले, आणि थोरल्या बहिणीच्या दारात उतरताना त्यांना चक्कर आली नाही.