वाळकी ओळख

पौषातल्या एका रविवारी गोगाबाबाच्या टेकडीवरून फिरून आलो आणि ओसरीवर बसून पायजम्याला चिकटलेले आघाडे वेचू लागलो. हे काम माझ्या नित्याचे, आणि ते करताना आघाड्याला चार शब्द सुनावणे हेही नित्याचेच. परंतु त्या दिवशी एक कुसळ नखावर धरून सहज पाहिले आणि मनात आले, श्रावणात जिवतीच्या माळेसाठी आणि भाद्रपदात गणपतीच्या पत्रीसाठी ज्याला आपण शोधीत हिंडतो, तोच ना हा? हिरवा असेतो देवघराचा मानकरी, आणि वाळला की शिव्यांचा धनी!

मी इंग्रजी वाङ्मयाचा अध्यापक. वर्ड्‌स्वर्थच्या डॅफोडिल फुलांवर तीस वर्षे व्याख्याने दिली. ते फूल मात्र अद्याप डोळ्यांनी पाहिलेले नाही. आणि घरापासून दोन फर्लांगांवर उगवणारी दीपमाळ मी वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी ओळखावयास शिकलो. हे सांगताना संकोच वाटतो. पण खरे ते खरे.

शिकविणारे गुरू म्हणजे आमच्या महाविद्यालयाचे माळीमामा. फुले गेली, पाने गळली, आता झाड ओळखावयाचे कसे, असे मी विचारले तेव्हा ते हसले. म्हणाले, ‘‘सर, पानं तर समद्यांचीच हिरवी असत्यात. वाळल्यावर जो तो आपापला दिसतो.’’ मग त्यांनी एक काडी माझ्या हाती दिली आणि ती बोटांत फिरवावयास सांगितली. काडी चौकोनी होती, थेट तुळशीच्या काडीसारखी. तिच्यावर ठराविक अंतराने काटेरी गोळे ओवलेले. देवळापुढची दीपमाळ आठवावी, असाच तो घाट! तुळशीच्या कुळातील ही वनस्पती आपले नाव असे अंगावर वागवीत उभी असते.

तेव्हापासून मला एक छंद लागला आणि त्यातून एक गोष्ट उमगली. आपल्या लोकांनी कित्येक रानझाडांना नावे दिली ती त्यांच्या फुलांवरून नव्हेच, तर वाळलेल्या फळांवरून. शेंग हलविली की आतले बी वाजते, म्हणून तो खुळखुळा. ग्रीक भाषेतील खुळखुळ्याच्याच शब्दावरून शास्त्रज्ञांनीही त्याला क्रोटॅलॅरिया म्हटले आहे. चक्राकार कप्प्यांच्या फळाची ती पेटारी. जवळून जाणाऱ्याच्या वस्त्राला आकड्यांनी धरतो तो लांडगा. कुर्डूचा रुपेरी तुरा तळहातावर चोळला की काळेभोर, चकचकीत बी गळते. कुसळी गवताचे कुसळ पाण्याच्या थेंबात ठेवले तर पीळ सोडीत गरगर फिरू लागते. दिवसाचे ऊन आणि रात्रीचे दव यांच्या बळावर ते पीळ घालीत व सोडीत आपले बी जमिनीत घुसविते. अशा कुसळांची ही युक्ती डार्विनचा मुलगा फ्रान्सिस याने १८७६ साली उलगडून दाखविली. त्याच्याही पूर्वी, १५८३ साली, इटलीतील चेसाल्पीनो याने वनस्पतींची वर्गवारी फळे आणि बिया यांवरून लावली होती. माळीमामांनी त्याचे नाव ऐकलेले नाही. पण दोघांची शाळा एकच.

पुस्तकी आधारावाचून माझे मन भरत नाही. कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ रचला. पण आमचा जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात, म्हणून तो त्या ग्रंथाबाहेर राहिला. प्रा. व्ही. एन. नाईक यांचे ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’ १९९८ साली दोन खंडांत, याच शहरात प्रसिद्ध झाले. ते एका सहकाऱ्याकडून आणले आणि एके दिवशी मामांना म्हटले, ‘‘आपल्या आवारात दीपमाळ कुठे आहे, ती दाखवा.’’

मामा मला ग्रंथालयाच्या मागे घेऊन गेले. तेथे गाजरगवताखेरीज काही नव्हते. ‘‘हितंच व्हती, सर,’’ ते म्हणाले. ‘‘दोन सालामागं समदं जाळाया लावलं, तवा बी झडलं नव्हतं.’’

कोणी जाळावयास लावले, हे त्यांनी सांगितले नाही; मीही विचारले नाही. एका समारंभाआधी आवार स्वच्छ करावे, असा तो ठराव होता. ‘निरुपयोगी वाळका कचरा’ हे शब्द माझे होते, आणि खालची सही माझी होती. काडी ओढली ती मात्र मामांनी. काय जळते आहे हे पुरते जाणणाऱ्या एकट्या माणसाने. ज्याला नावे ठाऊक होती त्याला कोणी विचारले नाही, आणि ज्याला विचारले त्याला एकही नाव ठाऊक नव्हते!

यंदा तोच कागद पुन्हा माझ्यापुढे आला. मी त्यावर लिहिले, ‘फाल्गुन संपेपर्यंत थांबावे, बी झडावयाचे आहे.’ समितीतील तरुण सभासदांनी एकमेकांकडे पाहिले. निवृत्ती जवळ आली की माणसे अशी होतात, असे त्यांना वाटले असावे. वाटो बापडे.

टेकडीवरून येताना दीपमाळेचे दोन गोळे मी खिशात घालून आणले आणि मामांच्या हाती दिले. ते काही बोलले नाहीत. ग्रंथालयाच्या मागे गेले. आघाडे मी अजूनही ओसरीवर बसूनच वेचतो. फक्त आता ते केरात टाकीत नाही, कुंपणापलीकडे टाकतो. इतक्या दूर माझ्या पायांनी आला, त्याला शेवटच्या चार पावलांसाठी का अडवावे?