शेवटची गाडी

प्रवासाची हकीकत सांगावयाची म्हणजे कोठें गेलों, काय पाहिलें आणि वाटेंत काय काय गमती झाल्या, हें लिहिण्याचा परिपाठ आहे. या खेपेस आम्हांला तसें करतां येत नाहीं. गेल्या आषाढांत आम्ही चार मित्र चार जीपगाड्या घेऊन हिमाचल प्रदेशांतील लाहूल व स्पिती या भागांत जाऊन आलों. पण हा प्रवास ठरविला होता पांचव्यानें. आणि तो पांचवा त्यापूर्वींच्या माघांतच आम्हांला सोडून गेला. आम्ही सारे त्याला दादा म्हणत असूं.

डांबरी सडक सोडून बैलगाडीच्या चाकोरींतून, चिखलांतून, ओढ्यांतून जीप हांकावयाची, हा आमचा छंद. वाचकांपैकीं कित्येकांस तो पेट्रोल जाळण्याचा रिकामा उद्योग वाटेल. आमच्या घरच्या वडील मंडळींचेंहि मत याहून निराळें नाहीं. परंतु या छंदालाहि शिस्त आहे, आणि ती आम्हांला दादानें लावली. वेल्ह्यापलीकडचा माढे घाट असो कीं मुळशीचें खोरें असो, उभ्या पिकांत किंवा फुललेल्या पठारावर चाक घालावयाचें नाहीं; पाणी ओलांडण्यापूर्वीं काठी घेऊन पायीं उतरावयाचें व तळ चांचपावयाचा; एक गाडी पलीकडे लागल्याशिवाय दुसरीनें पाण्यांत शिरावयाचें नाहीं; आणि ताणलेल्या दोराजवळ कोणीं उभें राहावयाचें नाहीं. अशा तांड्यांत सर्वांत कुशल चालकानें पुढें असावें असें परक्यास वाटतें. दादा मात्र नेहमीं सर्वांत मागें असे. पुढच्याची गाडी रुतली तर ती मागच्याला दिसते. मागच्याची रुतली तर पुढच्याला कळतहि नाहीं. म्हणून ज्याला दुसऱ्यास बाहेर काढतां येतें त्यानें शेवटीं राहावें, असें तो म्हणे. आमच्या आरशांत त्याच्या जीपचे दोन पिवळे दिवे दिसत, आणि तेवढ्यावर आम्ही निर्धास्त असूं. अशीं १२ वर्षें गेलीं.

काकूंना, म्हणजे दादाच्या आईंना, हा छंद मुळींच पसंत नव्हता. तो घाटांत गेला कीं त्या देवापुढचा दिवा विझूं देत नसत. आणि मृत्यूनें त्याला गांठलें तें घाटांत नव्हे. सदाशिव पेठेंतल्या घरीं, पहांटे, अंथरुणांत, हृदयविकाराच्या एका झटक्यानें. दिवसकार्य आटोपल्यावर आम्ही भेटावयास गेलों, तेव्हां काकूंनीं विचारलें, "अरे, सुट्टी मिळाली कीं तो तुमच्याबरोबर रानोमाळ हिंडायला जायचा. तिथं असं काय होतं रे, जे या भरल्या घरांत त्याला मिळत नव्हतं?" आमच्यापैकीं एकालाहि उत्तर सुचलें नाहीं. निघतांना वहिनींनीं दादाचा, रुतलेली गाडी ओढण्याचा दोर आणून आमच्या हातीं दिला. "ठरवलंत तसं जाऊन या," एवढेंच त्या म्हणाल्या.

मनालीहून लाहूलांत जावयाचें तर पूर्वीं सुमारें १३,००० फूट उंचीची रोहतांगची खिंड चढावी लागे. ऑक्टोबर २०२० मध्यें सुमारें ९ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाला, आणि आतां माणूस थोड्याच मिनिटांत हिरव्यागार कुलू खोऱ्यांतून लाहूलच्या उघड्याबोडक्या डोंगरांत येऊन पडतो. तेथून कोकसरवरून ग्राम्फूला आलें कीं खरी वाट सुरू होते. ग्राम्फूपासून बातलपर्यंतचा सुमारें ५० किलोमीटरांचा टप्पा म्हणजे चंद्रा नदीच्या कांठानें पसरलेले गोटे. वर हिमनद्या, खालीं राखी रंगाचें पाणी, आणि दृष्टीस पडेल तेथपर्यंत दगड. देखावा भव्य खरा, पण आमचें लक्ष वारंवार आरशाकडे जाई. शेवटीं कोणीं राहावें, हें निघतांना आम्हीं ठरविलेंच नव्हतें. ती जागा मागून घेण्याचा कोणालाहि धीर झाला नाहीं.

या वाटेवरचे ओढे वितळत्या बर्फाचे. पहांटे ते घोट्याएवढे असतात. ऊन चढत जातें तसें पाणीहि चढतें, आणि दुपारीं तोच ओढा मांडीपर्यंत येतो. म्हणून ते सकाळीं ओलांडावे, हा दादाचा धडा आम्हांला पाठ होता. तरीहि छत्रूला चहापाण्यांत वेळ गेला, आणि एका मोठ्या ओढ्याशीं पोंचलों तेव्हां दुपारचे तीन वाजले होते. थांबावयास हवें होतें. मुक्काम गांठण्याच्या घाईनें आम्ही थांबलों नाहीं. तीन गाड्या पार झाल्या आणि वळणाआड निघूनहि गेल्या. चौथी, आमच्यांतील सर्वांत धाकट्याची, मधल्या दगडांत अडकून बंद पडली. मैलभर गेल्यावर आरशांत कोणीच दिसेना, तेव्हां कोठें आम्हीं गाड्या वळविल्या. येऊन पाहतों तों पाणी दारांतून आंत शिरलेलें, आणि तो टपावर चढून बसलेला. वहिनींनीं दिलेला दोर बांधून गाडी बाहेर काढावयास तासभर लागला. थंडीनें कांपत तो एवढेंच म्हणाला, "दादा असता तर मी एकटा पडलो नसतो." त्यावर कोणी कांहीं बोललें नाहीं. बोलण्यासारखें कांहीं नव्हतेंच.

त्या रात्रीं बातलच्या ढाब्यांत शेगडीभोवतीं बसलों असतां काकूंच्या प्रश्नाचें उत्तर आम्हांला सांपडलें. आम्ही रानांत साहसासाठीं जात होतों. पण आमचें सारें साहस दुसऱ्या एका माणसाच्या सावधपणावर उभें होतें, आणि तो माणूस तेवढ्याचसाठीं आमच्याबरोबर येत होता. त्याची जागा एकट्यानें भरून काढील असा आमच्यांत कोणी नव्हता. म्हणून ती पाळीपाळीनें घ्यावयाचें ठरलें. पहिली पाळी धाकट्यानेंच मागून घेतली.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं कुंझुमची खिंड चढलों. तिची उंची सुमारें १५,००० फूट. खिंडींत देवीचें स्थान आहे, आणि गाड्यांनीं त्याला प्रदक्षिणा घालून मग स्पितींत उतरावें, असा तेथील प्रघात आहे. आमच्याहि चार गाड्यांनीं प्रदक्षिणा घातली. दोर शेवटच्या गाडींत होता.

परततांना वांकडी वाट करून तांडीला गेलों. तेथें चंद्रा व भागा यांचा संगम होऊन चंद्रभागा होते. तीच पुढें चिनाब. पंढरीची चंद्रभागा निराळी, तें भीमेचेंच नांव. तरी काकूंसाठीं आम्हीं एका गडूंत पाणी भरून घेतलें.

पुण्यास आल्यावर तो गडू काकूंपुढें ठेवला, आणि ओढ्याची हकीकत, आमची चूक न लपवितां, सांगितली. त्यांच्या प्रश्नाला आमच्यापाशीं तेवढेंच उत्तर होतें. काकू बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "घरांत तरी दुसरं काय करत होता? पंगतीला कधीं आधीं बसला नाहीं. सगळ्यांची जेवणं झालीं, कोणाला काय हवं-नको तें पाहिलं, कीं मग स्वतःचं पान घ्यायचा."

वहिनींनीं पदर डोळ्यांस लावला. आम्ही दोर परत देऊं लागलों, तो काकूंनीं घेतला नाहीं. "राहूं दे तुमच्यापाशीं," त्या म्हणाल्या, "जो शेवटीं राहील त्याच्या गाडींत ठेवत जा."