निनावी टेकू

नागपूर म्हटले की संत्री आठवतात. परंतु या नगरीचे लोखंडाशी असलेले नातेही जुने आहे. 1867 साली मुंबईकडून येणारी आगगाडी नागपुरास पोहोचली. 1877 साली जमशेटजी टाटांनी येथे एम्प्रेस मिल सुरू केली. मोतीबागेत अरुंद रुळांवरच्या गाड्यांच्या दुरुस्तीचा कारखाना उभा राहिला. जेथे यंत्रे फिरतात तेथे ती झिजतात. आणि जेथे ती झिजतात तेथे लेथ हवाच. कुंभार चाकावर माती फिरवून तिला आकार देतो, तद्वत् लेथवर लोखंड फिरते आणि धारदार हत्यार त्याला कातीत जाते. फरक एवढाच, की मातीला चुकीची क्षमा असते, लोखंडाला नसते.

काळ बदलला. एम्प्रेस मिल बंद पडली. अरुंद रुळांची इंजिने 2002 साली मोतीबागेतच उघडलेल्या संग्रहालयात विसावली. लहानमोठ्या कारखान्यांतील यंत्रेही जुनी झाली, मोडीत निघाली, आणि त्यांचे सुटे भाग जुन्या लोखंडाच्या दुकानांत येऊन पडू लागले. अशाच एका दुकानातील ढिगातून एका मिस्त्रींनी एक वस्तू उचलली. मिस्त्री वयोवृद्ध होते. चाळीस वर्षे लेथपुढे उभे राहून त्यांची पाठ किंचित वाकली होती. वस्तू दिसायला मोठ्या कड्यासारखी होती. कड्याच्या आत तीन जबडे मध्याकडे तोंड करून बसवलेले, आणि खाली जाड पाया. दुकानदाराने ती तराजूत टाकली आणि भंगाराच्या भावाने दिली. त्याच्या लेखी ते नुसते लोखंड होते.

मिस्त्रींना मात्र ती वस्तू पाहताच ओळखू आली. तो स्टेडी होता, म्हणजे लांब दांड्याला मध्यावर आधार देणारा टेकू. लांब दांडा दोन टोकांना धरून कातू लागले, की हत्याराच्या दाबाने तो मध्यभागी दबतो व हत्यारापासून दूर सरतो. तेथे लोखंड कमी कातले जाते आणि दांडा पोटात जाड राहतो. टेकूचे तीन जबडे त्याला जागच्या जागी धरून ठेवतात. मिस्त्रींकडे एका तेलघाणीचा पाच फुटी दांडा आला होता. रविवारपर्यंत तो द्यायचा होता, आणि त्यांच्या लेथचा टेकू फार पूर्वीच हरवला होता.

कारखान्यात आल्यावर त्यांनी तो टेकू आपल्या लेथवर ठेवला. तो बसेना. लेथच्या लांब पाटावर उलट्या खाचेसारखा एक उंचवटा असतो, आणि टेकूच्या पायाची खाच त्यावर नेमकी बसावी लागते. येथे खाच बोटभर बाजूला होती.

हाताखालचा मुलगा नुकताच औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून शिकून आलेला होता. तो उत्साहाने म्हणाला, "काका, पाया थोडा घासून नवी खाच पाडू. दोन तासांचे काम आहे."

मिस्त्री हसले. "घाई काऊन करून राहिला रे? पाया घासला की कड्याचा मध्यही खाली येईल. मग तो आपल्या लेथचाही राहणार नाही आणि ज्याचा होता त्याचाही नाही. काढलेले लोखंड परत भरता येत नाही, बाळ. आधी हा कोणाचा आहे ते पाहू."

"पण काका, यावर कारखान्याचे नाव नाही, नंबर नाही. कसे कळणार?"

"नाव नसेल; माप तर आहे ना?"

मग दोघे त्या मुक्या वस्तूची साक्ष घेऊ लागले. प्रथम त्यांनी पायापासून कड्याच्या मध्यापर्यंतची उंची मोजली. ती साडेसहा इंच भरली. लेथच्या पाटापासून त्याच्या फिरत्या मध्यापर्यंतची उंचीही तेवढीच असली पाहिजे, हे उघड होते. त्यानंतर खाच आणि सपाट भाग यांतील अंतर मोजले.

पुढे आटे पाहिले. मुलाने कडे आवळणारा बोल्ट काढला व त्याचे आटे मोजू लागला. मिस्त्रींनी त्याला थांबवले. "बोल्ट काय, कोणीही बदलला असेल. ज्या छिद्रात तो बसतो, ते छिद्र मात्र जन्मापासूनचे आहे. त्याला विचार." छिद्र अर्ध्या इंचाच्या बोल्टाचे होते आणि एका इंचात त्याचे 12 आटे बसत होते.

आट्यांनाही आपली भाषा असते. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या कारागिराने 1841 साली आट्यांचे एक प्रमाण सुचवले. तोपर्यंत जो तो कारखाना आपापल्या मनाप्रमाणे आटे पाडी, आणि एकाचा बोल्ट दुसऱ्याच्या नटात शिरत नसे. व्हिटवर्थच्या पद्धतीत अर्ध्या इंचाच्या बोल्टाला इंचामागे 12 आटे येतात. अमेरिकेच्या जाड आट्यांच्या पद्धतीत 13 येतात. मिलिमीटरच्या पद्धतीत इंचाचा हिशेबच नसतो. भारतात 1956 साली दशमान मापांचा कायदा झाला आणि 1958 पासून ती मापे हळूहळू रूढ झाली. तेव्हा हा टेकू विलायतेहून आलेल्या लेथचा असेल, किंवा मिलिमीटरची मापे कारखान्यांत रुळण्यापूर्वी येथेच घडलेल्या लेथचा. आपल्या देशातही लेथ बनत होतेच. म्हैसूर किर्लोस्कर कंपनीचा हरिहर येथील कारखाना 1941 साली सुरू झाला होता.

"म्हणजे हा नक्की विलायती की देशी?" मुलाने विचारले.

"ते आटे सांगत नाहीत. साक्षीदार जेवढे बोलतो तेवढेच ऐकावे, त्याच्या तोंडी आपले शब्द घालू नयेत," मिस्त्री म्हणाले.

मुलाने पायाच्या खाचेबरहुकूम पुठ्ठ्याचा नमुना कापला, त्यावर उंची लिहिली, आणि सायकलवर टांग मारून तो निघाला. हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत त्याने चौकशी केली. कामठी रस्त्यावरील कारखाने पाहिले. कोठे उंची जुळे तर खाच जुळेना. कोठे खाच जुळे तर उंचीत अर्ध्या इंचाचा फरक पडे. एके ठिकाणी मालक म्हणाला, "जवळपास बसतो आहे, देऊन टाक ना!" मुलाला क्षणभर मोह झाला. पण 'जवळपास' हा शब्द मिस्त्रींच्या कारखान्यात चालत नसे.

तिसऱ्या दिवशी सायंकाळी, इतवारीच्या एका अरुंद गल्लीत, तो एका लहानशा कारखान्यात शिरला. तेथे एक जुना लेथ होता. मुलाने पाटावरील तेल पुसून पुठ्ठा ठेवला. तो असा बसला, की मध्ये कागदही शिरू नये. उंची मोजली, साडेसहा इंच! मुलाचे डोळे चमकले. लेथवरची नावाची पट्टी पाहावी म्हणून तो वाकला. तेथे रिव्हेटांची चार रिकामी छिद्रे तेवढी होती. पट्टी केव्हाच गळून गेली होती.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री टेकू घेऊन स्वतः तेथे गेले. दोन्ही टोकांमध्ये एक सरळ गज धरला, टेकू पाटावर सरकवला आणि जबडे पुढे घेतले. तिन्ही जबडे सारखेच पुढे येऊन गजाला टेकले. वृद्ध मालक त्या टेकूवरून हात फिरवीत राहिले. "माझ्या वडिलांनी लेथ घेतला तेव्हापासून टेकू नव्हता," ते म्हणाले. "तो याच लेथचा आहे का हो?"

"याचा, की याच साच्यातून निघालेल्या याच्या भावाचा, ते सांगता येणार नाही," मिस्त्री म्हणाले, "पण घराणे एकच."

मिस्त्रींनी भंगाराच्या भावाने घेतलेला टेकू भंगाराच्याच भावाने त्यांना दिला. मालकांनी आपला लेथ एका दिवसासाठी मोकळा करून दिला. तेलघाणीचा दांडा त्याच लेथवर, त्याच टेकूत कातला गेला आणि रविवारी सकाळी ठरल्याप्रमाणे पोहोचता झाला.

परतताना मुलगा म्हणाला, "काका, शेवटी तो कोणत्या कंपनीचा, हे कळलेच नाही."

"नाही कळले," मिस्त्री शांतपणे म्हणाले. "पण त्याची जागा कळली. आणि ती आपण घासून पुसून टाकली नाही, एवढे पुरे."