लक्ष्मीनं सांगितलं तेव्हा

विजय तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर'मधली लक्ष्मी मी करणार म्हटल्यावर घरी नाव ऐकूनच कपाळाला आठ्या पडल्या. १९७२ साली सेन्सॉरनं हे नाटक अडवलं, दिग्दर्शक कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले, एवढं सगळ्यांना ठाऊक. नाटक मात्र कुणी पाहिलेलं नव्हतं. आमची हौशी मंडळी निम्मी कर्जत-दहिवलीची, निम्मी खोपोलीची. तालमी दहिवलीत, नोकऱ्या आटोपून. शेवटच्या खोपोली लोकलपायी तिसरा अंक नेहमी घाईत उरकायचा, आणि नाटकाचा जीव तर तिथंच आहे.

सखाराम नवऱ्यांनी टाकलेल्या बायका घरात आणतो. लग्न नाही, करार. घर त्याचं, नियम त्याचे. देवभोळी, मुंगळ्याशी बोलणारी लक्ष्मी येते, जाते. मग बडतर्फ फौजदार नवऱ्याला सोडून चंपा येते. लक्ष्मी परत येते तेव्हा तिला दुसरा आसरा उरलेला नसतो. चंपा सखारामच्या मित्राकडे, दाऊदकडे, जाते हे तिला कळतं आणि सखाराम तिला मारून घराबाहेर काढू लागतो त्या घटकेला ती ते सांगून टाकते. तो चंपाचा गळा दाबतो. पुढचं मला सगळ्यात जड गेलं. सखाराम सुन्न होतो. लक्ष्मी सावध असते. प्रेत घरातच पुरायचं ती ठरवते, देव आपल्या बाजूला आहे म्हणते आणि फावडं हातात घेते. रंगमंचाच्या फळ्या खणता येईनात, म्हणून आम्ही लाकडी चौकटीत भाताच्या खाचरातली माती भरली होती. फावडं मातीत जाताना होणाऱ्या आवाजानं माझ्याच अंगावर काटा यायचा.

खालापूर तालुक्यातल्या एका गावात शाळेच्या पटांगणात प्रयोग झाला. चंपाचं दाऊदकडे जाणं मी सांगितलं आणि मागून शिट्टी आली. गळा दाबताना कुणीतरी ओरडलं, ''अशीच पाहिजे!'' मी सुन्न झाले. चंपाच्या आधी सखारामनं किती बायका आणल्या, त्याबद्दल पटांगणात कुणाला काही वाटलं नव्हतं. त्याचं वागणं म्हणजे पुरुषाची जात. तिचं वागणं म्हणजे बदफैली. तेंडुलकरांनी अख्खं नाटक लिहिलं ते हेच दाखवायला, आणि आम्ही ते पोचवू शकलो नव्हतो, असं त्या क्षणी वाटलं.

मेकअप उतरवत होते तेव्हा एक म्हातारी आत आली. नऊवारी नेसलेली, हातात चपला. माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, ''बाय, तू सांगाया नको व्हतं. तिचा जीव तुज्या तोंडात व्हता.''

मी म्हटलं, ''आजी, लक्ष्मीला घराबाहेर काढत होता ना तो.''

''म्हनून तर,'' ती म्हणाली. ''जागा ऱ्हावी म्हनून सांगितलंस. देवाचं नाव कशाला घेतलंस मग?''

तोवर मी चंपाचं दाऊदकडे जाणं सांगणारं ते वाक्य मंगळसूत्राला हात लावून, हळू, सोज्वळपणे म्हणत होते. दिग्दर्शकालाही तसंच हवं होतं. दुसऱ्या दिवशी त्याच्याशी मी चांगली तासभर भांडले. खोपोलीच्या प्रयोगात मंगळसूत्र सोडलं, सखारामचा पाय धरला आणि ते वाक्य डोक्यावरचं छप्पर जाणाऱ्या बाईसारखं भडाभडा ओरडून टाकलं. या वेळी शिट्टी आली नाही. गळा दाबताना एक-दोन टाळ्या पडल्याच.