सुईची भीती

आईच्या मानेवर गाठ आली होती. ती तिने दोन महिने पदराखाली झाकून ठेवली. फोनवर एकदा ओझरतं बोलली, तेव्हा मीच म्हणालो, "सर्दीची असेल, जाईल." ते वाक्य मला अजून टोचतं.

दिवाळीला पादऱ्याला गेलो, तर गाठ बोराएवढी झालेली, शेजारी आणखी दोन. डॉक्टरांनी एफएनएसी करायला सांगितलं. शेजारच्या मासी लगेच म्हणाल्या, "गांठने सोय ना अडाडाय, फेलाई जाय." आई तयारच होईना. रात्री हळूच म्हणाली, "कॅन्सर निघाला तर मला सांगू नकोस."

कशीबशी समजूत काढून तिला बडोद्याला नेलं. रक्त काढायच्या सुईपेक्षाही बारीक सुई. भूल नाही, टाका नाही. डॉक्टरांनी गाठ दोन बोटांत धरली, सुई आत घालून थोडी मागेपुढे केली, आत आलेल्या पेशी काचपट्टीवर पसरल्या आणि मानेवर कापूस दाबला. "झालं?" आईने विचारलं.

मी मासींची शंका विचारली. एवढ्या बारीक सुईने आजार पसरणं फारच दुर्मीळ, असं डॉक्टर म्हणाले. ही पद्धत नवीही नाही. १९३० साली न्यूयॉर्कच्या मार्टिन आणि एलिस यांनी सुईने गाठीतल्या पेशी काढून निदान केल्याचं प्रसिद्ध केलं होतं. मात्र प्रत्येक वेळी सुईनेच उत्तर मिळतं असं नाही. कधी तपासणी पुन्हा करावी लागते, कधी पूर्ण गाठ काढून तपासावी लागते.

आईच्या गाठीत क्षयाची लक्षणं दिसली. त्याच नमुन्याच्या सीबीनॅट तपासणीत खात्री झाली. आजी जिला गंडमाळ म्हणायची, बहुधा तीच ही. सहा महिने गोळ्या, त्याही सरकारकडून मोफत. छातीचा एक्स-रे स्वच्छ होता. फुप्फुसात क्षय नसेल तर गाठीचा क्षय खोकल्यातून पसरत नाही, हे डॉक्टरांनी आईला दोनदा सांगितलं.

तरी घरी आल्यावर तिने आपलं ताट वेगळं काढलं. मी काही बोललो नाही. त्याच ताटात तिच्याबरोबर जेवायला बसलो.

गोळ्या संपल्या, गाठी विरल्या. आता एवढंच सांगतो: मानेवरची गाठ दोन-तीन आठवड्यांत गेली नाही, तर दाखवा. आणि आई फोनवर काही ओझरतं बोलली, तर "जाईल" म्हणू नका.